काम तेच, मशीन तेच, मग समाधान कुठनं येणार?

तुझा प्रश्न आधी दोन ओळीत सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. आयटीआय करून तू बेळगावजवळच्या मच्छेच्या एका मशीन शॉपला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर लागलास, खानापूरहून रोज ये-जा, चार वर्षं झाली आणि काम एकच, हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी फिक्श्चरला (जॉब घट्ट धरणाऱ्या साच्याला) लावायची, दार बंद, सायकल स्टार्ट, काढायची, दुसरी लावायची. पगार वेळेवर होतो, सुपरवायझर माणूस बरा आहे, तरी रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. घरात म्हणतात तुझी वृत्तीच तसली, मित्र म्हणतो पुण्याजवळ चाकणला ये पैसे जास्त आहेत, आणि तू विचारतोयस की बिघडलंय ते माझ्यात की कामात.

मी याच पट्ट्यात, उद्यमबागेत आणि मच्छेत, फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या क्वालिटीत अर्धं आयुष्य घालवलं आणि आता नवीन लागणाऱ्या पोरापोरींना ट्रेनिंग देते, त्यामुळं हा प्रश्न दर बॅचला समोर येतोच, कुणी तोंडानं विचारतं, कुणाच्या चेहऱ्यावर दिसतो. मला जे पटलंय ते सरळ सांगते. वृत्तीवर समाधान ठरतं हे खरं आहे. पण वृत्ती म्हणून जे सांगितलं जातं, सकाळी आरशात बघून हसा, तक्रार करू नका, कामावर प्रेम करा, त्यानं काही होत नाही, दोन दिवसात ते उतरतं. माझ्या लेखी वृत्ती म्हणजे आपलं लक्ष कामाच्या कुठल्या भागावर असतं ते. लक्ष घड्याळावर असलं तर दिवस संपता संपत नाही, जॉबवर, म्हणजे हातातल्या पार्टवर असलं तर दमणूक तेवढीच होते पण संध्याकाळी सांगण्यासारखं काहीतरी उरतं. आपण धरून चालतो की आधी आवड पाहिजे मग लक्ष लागेल, मी तरी उलटंच बघत आलेय, लक्ष आधी द्यावं लागतं आणि आवड त्याच्या मागनं येते, कधी कधी बऱ्याच महिन्यांनी.

घरचे म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं पण नाही. १९८९ साली अमेरिकेत जुळ्यांचा एक अभ्यास झाला होता, लहानपणीच वेगळ्या झालेल्या आणि वेगवेगळ्या घरात वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांना त्यांच्या नोकरीबद्दल विचारलं, तेव्हा असं निघालं की कामातल्या समाधानात माणसामाणसात जो फरक दिसतो त्यातला साधारण ३० टक्के फरक जन्मजात असावा. म्हणजे काही जण मुळातच पटकन खूश होणारे असतात आणि काही जणांना कुठंही गेलं तरी काहीतरी खुपतंच. तू दुसऱ्या प्रकारातला असशील तर त्यात लाज वाटायचं काही कारण नाही, क्वालिटीत तर मला असलीच माणसं लागायची, सगळं छान आहे म्हणणारा इन्स्पेक्टर काय कामाचा. फक्त एवढं ओळखून ठेव की खुपण्याचा थोडा भाग तू डब्यासारखा सोबत घेऊन फिरणार आहेस, चाकणला पण.

पण राहिलेला मोठा वाटा कामाचा आणि कामाकडं बघण्याचा असतो. १९९७ साली तिकडंच आणखी एक अभ्यास झाला, त्यात लोकांचे तीन गट पडले, काहींना काम म्हणजे पगार, काहींना वर चढायची वाट, आणि काहींना ते काम करणं हेच महत्त्वाचं. यात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे एकाच कॉलेजात ऑफिस असिस्टंट म्हणून एकाच हुद्द्यावर असलेली माणसं तपासली तर ती पण या तीन गटात जवळजवळ सारखीच विभागलेली होती. टेबल तेच, फाइली त्याच, तरी तीन तऱ्हा. आपल्या शॉप फ्लोअरवर हे रोज दिसतं.

इथं एक मात्र मी त्या अभ्यासकांपेक्षा वेगळं म्हणते. पगारासाठी काम करणारा माणूस खालच्या पायरीवरचा असं कुणी समजू नये. आमच्याकडं फेटलिंगला, म्हणजे ओतलेले पार्ट घासून साफ करायला, एक मामा होते, येळ्ळूरकडचे, त्यांचा जीव होता शेतातल्या बासमतीत आणि गावातल्या भजनात, फॅक्टरी म्हणजे त्यांच्या हिशोबात घरखर्च आणि पोरींची शिक्षणं. ग्राइंडर हातात घेतला की काम चोख, भोंगा झाला की विषय संपला. त्यांच्याइतका शांत माणूस मी त्या शेडमध्ये दुसरा बघितला नाही. कारण त्यांनी स्वतःशी ठरवलेलं होतं की कामाकडनं मला काय पाहिजे, आणि जे नको ते त्यांनी मागितलंच नाही. त्रास होतो तो मधल्या माणसाला, ज्याला कामातनं मान पण पाहिजे, शिकायला पण पाहिजे, पण तो वागतो पगारवाल्यासारखा, म्हणजे मिनिमम करून सुटायचं. मला वाटतं तू त्या मधल्या जागेत अडकलायस. तुझ्या मेसेजमध्ये तू पगाराबद्दल एक ओळ लिहिलीस आणि "काही शिकत नाही" हे तीनदा लिहिलंस.

आता लक्ष देणं म्हणजे नक्की काय करणं, ते फाउंड्रीतनं सांगते कारण मला ते जास्त माहिती. मोल्डिंगला, म्हणजे धातू ओतायचा साचा करायला, वाळू असते, ग्रीन सँड, त्यात बेंटोनाइट माती, कोल डस्ट, पाणी. पाणी साधारण तीन-चार टक्के, इकडं तिकडं झालं की कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या पार्टला दोष. लॅबचा रिपोर्ट येतो पण चांगला मोल्डर रिपोर्टची वाट बघत बसत नाही, मूठभर वाळू घेऊन दाबतो, बोटांचे ठसे नीट उठले पाहिजेत आणि तो गोळा मोडला तर कडा साफ मोडली पाहिजे, हाताला चिकटता कामा नये. जुलैत आपल्याकडं पाऊस कसा असतो तुला सांगायला नको, सगळीकडं ओल, त्या दिवसात ब्लो होल, म्हणजे वाफ-हवा अडकून पार्टमध्ये पडणारी भोकं, वाढतात. एक वयस्कर मोल्डर होते, ते पावसाळ्यात शिफ्टला आल्या आल्या आधी वाळूच्या ढिगाकडं जायचे, पाच ठिकाणची वाळू दाबून बघायचे, मग मिक्सरवाल्याला सांगायचे आज पाणी कमी मार. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचा वेगळा पगार नव्हता. त्यांच्या लाइनचं रिजेक्शन कमी असायचं हा फायदा कंपनीचा, पण घरी जाताना आजची हीट, म्हणजे भट्टीतनं आज ओतलेला माल, माझ्यामुळं वाचली ही भावना त्यांची स्वतःची होती. शेजारच्या बॉक्सवर तेवढाच अनुभव असलेला माणूस वाळू ओली आली म्हणून दिवसभर शिव्या देत मोल्ड भरायचा. वाळू दोघांना एकच.

तुझ्या मशीनवर ही वाळू कुठं आहे ते शोध. मी अंदाजानं सांगते, तू दुरुस्त कर. समज त्या बॉडीला ४२ एमएमचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक आहे, एच सेव्हन, म्हणजे ४२ च्या वर शून्य ते २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) एवढीच मोकळीक. तुला चार वर्षात कळलं असणार की सकाळी मशीन गार असताना निघणारे पहिले जॉब आणि तासाभरानं निघणारे जॉब सारखे नसतात, स्पिंडल तापतो, माप सरकतं. इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी पट्टी, झिजला की बोअर लहान यायला लागतो. कूलंट कमी झालं की फिनिश बिघडते. आता प्रश्न असा की तुझ्या मशीनवर किती जॉबनंतर किती मायक्रॉन सरकतं हे तुला तोंडपाठ आहे काय? की माप गेजवर चुकलेलं दिसलं की मग ऑफसेट मारतोस, म्हणजे मशीनमध्ये टूलचं माप सरकवतोस? एक साधी वही कर. वेळ, कितवा जॉब, बोअर गेजचं रीडिंग, इन्सर्ट कधी बदलला. महिनाभर लिही. कुणाला दाखवायचं म्हणून नाही लिहायचं. महिन्यानं तुला तुझ्या मशीनचा स्वभाव दिसायला लागेल, आणि गेज लाल दाखवायच्या आधी तू दोन मायक्रॉन ऑफसेट मारशील, आणि तो जॉब मधोमध बसेल, त्या क्षणाला काय वाटतं ते मी इथं लिहून सांगू शकत नाही. आमच्या एका ट्रेनीनं अशी वही ठेवली तर सुरुवातीला बाकीचे चिडवायचे, काय करूलास बे, पीएचडी करूलास काय म्हणून, पुढं मशीन बिघडलं की सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा माणूस, आधी त्याची वही मागायला लागला.

वडगाव-खासबागकडं पॉवरलूमवाल्यांच्या घरात जाऊन बघ, एवढ्या खडखडाटात कुठल्या मागाचा आवाज बदलला ते बसल्या जागी सांगतात, धागा तुटलाय म्हणून. ते कान म्हणजे असंच वर्षानुवर्षं दिलेलं लक्ष. त्या धंद्यात आता कमाई फार कमी राहिलीय, आणि तरी साडी उतरल्यावर घडी घालताना विणकराचा हात पदरावरनं एकदा फिरतो तो फिरतोच.

दुसरी गोष्ट तुला विचारते, ती बॉडी पुढं कुठं जाते? मी ट्रेनिंगमध्ये हे सगळ्यांना विचारते आणि बहुतेकांना डिस्पॅचच्या पुढचं माहिती नसतं. अमेरिकेत २००७ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, विद्यापीठासाठी फोनवरनं देणग्या मागणारे लोक, कंटाळवाणं काम, लोक फोन आपटतात. त्यातल्या काहींची फक्त पाच मिनिटं भेट घालून दिली, कुणाशी, तर त्या देणग्यांतनं स्कॉलरशिप मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी. महिन्याभरानं बघितलं तर या लोकांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झालेला होता. पगार वाढला नव्हता, भाषण दिलं नव्हतं. आपलं काम कुणाला तरी जाऊन लागतंय हे डोळ्यांनी दिसलं, बास. तुझ्या व्हॉल्व्हमधनं तेल जाणार आहे, कुठल्यातरी जेसीबीचा हात, कुठल्यातरी प्रेसचा रॅम त्या तेलावर उभा राहणार आहे, बोअर मोठा झाला तर स्पूलच्या (बोअरमध्ये सरकणाऱ्या दांड्याच्या) बाजूनं तेल गळणार आणि उचललेलं वजन हळूहळू खाली येणार, खाली कुणीतरी उभा असू शकतो. सुपरवायझरला सांगून एकदा असेंब्लीला जा, प्रेशर टेस्टिंग बघ, तुझ्याच बॅचची बॉडी टेस्ट बेंचवर लागलेली बघ. अर्धा तास लागतो. हे मागायला कुणी लाजू नये, आणि कुठल्याही शहाण्या मॅनेजरनं नाही म्हणू नये.

वृत्ती म्हटलं की लोकांना वाटतं हे सगळं मशीनवाल्यांचं झालं, ज्यांचं काम दिवसभर माणसांशी असतं त्यांचं काय. आपल्या भागात तर त्यात भाषा पण येते. माझ्या ओळखीची एक बाई तालुक्याच्या गावात एका बँकेच्या काउंटरला आहे, फॉर्म कन्नड-इंग्रजीत, समोर आलेल्या आज्जीला मराठीशिवाय काही येत नाही आणि मागं लाइन लागलेली. तिथं हसरा चेहरा ठेवायचा म्हटलं तर संध्याकाळपर्यंत माणूस आतनं रिकामं होतं, खोटं हसणं हे जड कामच आहे. ती बाई हसायच्या भानगडीत पडत नाही. तिनं काय केलं, पेन्शनच्या आठवड्यात जे चार प्रश्न दर आज्जीला पडतात ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहून काउंटरला ठेवले, आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाला ती त्याच्या नात्यानं हाक मारते, मावशी, अण्णा, अक्का, जो ज्या भाषेचा त्याला तशी. लाइन पुढं सरकायला लागली आणि भांडणं कमी झाली. मन बदलायला न बसता तिनं कामाची मांडणी तिच्या हातात होती तेवढी बदलली, मनाचं नंतर झालं. मला तरी हाच मार्ग भरवशाचा वाटतो, कारण मन हे आज्ञेत राहणारं नाही, हात राहतात.

आता जे मला जोर देऊन सांगायचंय ते. काही गोष्टी वृत्तीच्या नसतातच आणि त्या वृत्तीच्या म्हणून कुणी तुझ्या गळ्यात बांधत असेल तर बांधून घेऊ नकोस. आठवड्याला ४८ तासाच्या वर काम झालं तर ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळायला पाहिजे, हा कायदा आहे. पीएफ कापला तर तो खात्यात भरलेला दिसला पाहिजे, मोबाइलवर पासबुक बघता येतं, बघ. फाउंड्रीत सिलिकाची धूळ असते, नॉकआउटला (साचा फोडून पार्ट काढतात तिथं) आणि फेटलिंगला जास्त, ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि झालेला बरा होत नाही. त्या धुळीत मास्क आणि एक्झॉस्ट न देता माणसाला पॉझिटिव्ह राहा म्हणून सांगणं हा मी अन्याय समजते. चारचौघात अपमान करणारा साहेब, चुकीचा जॉब पास कर म्हणून दबाव आणणारा साहेब, यांच्याखाली समाधानी राहायला शिकू नये माणसानं. तिथं असमाधान हेच निरोगी आहे.

आपल्याकडं "कायकवे कैलास" हे वाक्य ऑफिसात, शाळेत, बसस्टँडवर कुठं ना कुठं लिहिलेलं असतंच. काम हाच कैलास. बाराव्या शतकातल्या शरणांचा, म्हणजे बसवण्णांच्या बरोबरच्या भक्तांचा हा विचार, आणि फार मोठा विचार आहे, ढोर-चांभारापासनं राजाच्या मंत्र्यापर्यंत सगळ्यांचं काम एका पातळीला आणणारा. पण त्याचा अर्थ गप्प मान खाली घालून राबा असा लावणाऱ्यांना मी नेहमी आयदक्की लक्कम्माची गोष्ट सांगते. तिचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचायचं काम करायचा, एक दिवस त्यानं रोजच्यापेक्षा जास्त आणले तर लक्कम्मानं त्याला परत पाठवलं, आपल्याला लागतात तेवढेच ठेव, बाकी ठेवून ये म्हणून. म्हणजे त्या लोकांच्या कैलासात हिशोब पण होता. किती घ्यायचं, कुणाचं घ्यायचं नाही. मालकानं पण तो हिशोब ठेवायचा असतो.

रविवारच्या गोळ्याबद्दल. तू लिहिलंस की सकाळची शिफ्ट असली की पहाटे उठून पॅसेंजर नाहीतर बस, आणि रात्री मोबाइल बघत बारा वाजतात. झोप पाच तास होत असेल तर जगातलं कुठलंही काम नकोसंच वाटणार, त्यावर आधी इलाज कर, महिनाभर अकराच्या आत झोपून बघ आणि मग ठरव कामाचा कंटाळा किती आणि झोपेचा किती. आणि एक विचारून ठेवते, गावातली क्रिकेटची टीम, गणपतीचं मंडळ, जे पूर्वी आवडायचं ते पण नकोसं झालंय काय? दोन आठवड्याच्या वर सगळ्यातच मन लागत नसेल, भूक-झोप गेली असेल, तर हा प्रश्न नोकरीचा नाही, डॉक्टरला दाखव. टेली मानसचा सरकारी नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, फोनवर बोलता येतं. यात कमीपणा काही नाही.

शिकायचं राहिलंय ही तुझी खरी भूक आहे असं मला वाटतं, तर तिचं काय करायचं. लावणं-काढणं यातनं बाहेर पडायचं तर सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग, आणि त्याच्या पुढं सीएमएमवर, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या मशीनवर, मापं घेणं. बेळगावात जीटीटीसी, म्हणजे सरकारी टूल रूम आणि ट्रेनिंग सेंटर आहे, तिथं कुठले छोटे कोर्स चालू आहेत आणि शिफ्टबरोबर जमेल असं काय आहे ते विचारून ये. सुपरवायझर बरा आहे म्हणतोस तर त्याला सांग की नवीन पार्टचं सेटिंग असेल त्या दिवशी मी शिफ्ट संपल्यावर थांबतो, बघू दे. सुरुवातीला नुसतं बघ, मग टूल लाव, मग एखादा प्रोग्रॅम वाचून त्यात सायकल टाइम कुठं वाया जातोय ते शोध. हत्तरगीला एरोस्पेसचं सेझ, म्हणजे खास औद्योगिक क्षेत्र आहे, विमानाचे पार्ट आपल्याच जिल्ह्यात होतात, तिथं ज्याला ड्रॉइंग वाचता येतं आणि जो माप लपवत नाही त्याला मागणी आहे. म्हणजे वाढायचं तर चाकणलाच गेलं पाहिजे असं नाही. जाऊच नको असं पण म्हणत नाही मी, आपली कितीतरी पोरं जाऊन नीट उभी राहिलीत.

फक्त जायच्या आधी हिशोब कागदावर मांड, खोलीभाडं, मेस, महिन्यातनं एकदा गावाला येण्याचा खर्च वजा करून हातात किती उरतं ते बघ, कारण जास्त पगारातला बराच भाग तिथंच राहतो. आणि इंटरव्ह्यूला गेलास की पाच मिनिटं शॉप फ्लोअर बघू द्या म्हणून माग. तिथं मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला हळूच विचार, तुझ्याकडनं एखादा जॉब खराब झाला आणि तू स्वतः जाऊन सांगितलंस तर काय होतं इथं? तो म्हणाला लाल बिनमध्ये (खराब जॉबच्या पेटीत) टाकतो आणि कारण लिहितो, तर तिथं तू शिकशील. तो आजूबाजूला बघून गप्प बसला, तर पगार दीडपट असला तरी तुझा रविवार तिथं याच्यापेक्षा वाईट जाणार. वही मात्र आजपासनंच चालू कर, मशीन कुठलंही असो ती तुझ्याबरोबर येते, आणि महिनाभराची रीडिंग झाली की इथं टाक, बोअर कुठं सरकतोय ते आपण दोघं बसून बघू.